सह्याद्रीची घडण आणि डोंगरी युद्धें

१.

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे बखरी, शकावल्या, महजर, सनदा, पत्रें व तवारिखा, अशी गणना करण्याची आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु या कागदांतून घाट, खिंड, माची, नाळ, टांकें, बालेकिल्ला असे जे शब्द पदोपदीं भेटतात, त्यांचा अर्थ केवळ कोश उघडून पुरता उमगत नाहीं. ते एका विशिष्ट जातीच्या डोंगराचे शब्द आहेत, आणि तो डोंगर ज्या रीतीनें घडला त्या रीतीशीं त्यांचा निकटचा संबंध आहे. म्हणून डोंगराची घडण हेंहि एक साधनच मानलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत सह्याद्रि कसा झाला हें भूशास्त्राच्या आधारें प्रथम सांगून, सतराव्या शतकापासून १८१८ पर्यंतच्या डोंगरी युद्धांत त्या घडणीचा हात कोठें होता व कोठें नव्हता, हें कांहीं परिचित प्रसंगांवरून दाखवावयाचें योजिलें आहे.

२.

पर्वतांच्या रांगा मुख्यतः चार प्रकारांनीं उत्पन्न होतात. पृथ्वीचें कवच अखंड नसून मोठमोठ्या पट्टांचें बनलेलें आहे, व हे पट्ट वर्षाकाठीं इंच-दोन इंच अशा मंद गतीनें सरकत असतात. दोन पट्ट एकमेकांवर रेटले गेले म्हणजे, जाजम एका बाजूनें ढकललें असतां त्यास जशा वळ्या पडतात, तशा मधल्या थरांस वळ्या पडून त्यांचे पर्वत होतात. हिमालय व आल्प्स हे या जातीचे. भारताचा पट्ट आशियाच्या पट्टास सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं भिडला, आणि दोहोंमधील समुद्राच्या तळचे थर इतके वर उचलले गेले कीं, एव्हरेस्टच्या माथ्यावर आज सागरी चुनखडी सांपडते. दुसरा प्रकार भेगांचा. यांत जमीन तुटून एक भाग उंच राहतो व शेजारचा खचतो. तिसरा प्रकार ज्वालामुखीच्या मुखाभोंवतीं राख व शिलारस सांचून होणाऱ्या शिखरांचा. चौथ्या प्रकारांत पर्वत उभारला जात नाहीं, तो मागें उरतो. उंच पठार पाऊस व नद्या यांनीं कोरलें जातें, आणि जो भाग झिजावयाचा राहिला त्यास लोक पर्वत म्हणतात.

सह्याद्रीची गणना या चौथ्या प्रकारांत करावी लागते. कोकणांतून पाहणारास तो प्रचंड भिंतीसारखा दिसतो. परंतु देशावरून पश्चिमेस चालत आलेला प्रवासी घाटमाथ्यावर पोंचला तरी आपण पर्वत चढलों असें त्यास क्वचितच वाटतें. याचा युद्धाशीं संबंध उघड आहे. वळ्यांच्या पर्वतांत सेनापतीपुढें प्रश्न असतो तो ओलांडण्याचा. एका बाजूनें चढावें, खिंडींतून जावें व दुसऱ्या बाजूस उतरावें, अशा रीतीनें ख्रिस्तपूर्व २१८ मध्यें हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. सह्याद्रीस अशा दोन सारख्या बाजू नाहींत. पश्चिमेस दोन-तीन हजार फुटांचा तुटलेला कडा आणि पूर्वेस लांबवर उतरत जाणारें पठार, अशी त्याची एकांगी रचना आहे. म्हणून येथील युद्धाचा मुख्य प्रश्न ओलांडण्याचा नसून, ही कड कोणाच्या हातीं राहते हा होता.

३.

या पठाराचा आरंभ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा आहे. त्या काळीं जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस पुरासारखा पसरला. तो निवाला, त्यावर दुसरा लोट आला, आणि असे थरांवर थर बसत गेले. आज या काळ्या पाषाणानें व्यापलेला प्रदेश सुमारें २ लक्ष चौरस मैल असून, पश्चिमेच्या बाजूस थरांची एकूण जाडी ५,००० फुटांहून अधिक भरते. भूशास्त्रज्ञ यास दख्खनचा ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि पायरीपायरीनें चढत जाणाऱ्या आपल्या डोंगरांस तो अन्वर्थक आहे.

पुढें भारताच्या पश्चिमेस भूमि फाटली. आज हिंदी महासागरांत एकाकी असलेलीं सेशेल्स बेटें ज्या खडकाचीं आहेत तो खडक याच वेळीं येथून अलग झाला. नव्या किनाऱ्याकडील बाजू खालीं गेली. एरवीं आडवे असणारे थर पनवेलच्या आसपास समुद्राकडे कललेले दिसतात, तें याचेंच चिन्ह होय. उंच राहिलेल्या पठाराची कड मग पावसानें व ओढ्यांनीं खात खात पूर्वेकडे मागें हटली. मागें हटलेली ही कड म्हणजेच आजचा सह्याद्रि, आणि तिच्या हटण्यानें मोकळा झालेला पट्टा म्हणजे कोकण. पठाराचा मूळ उतार पूर्वेकडे होता याची साक्ष नद्या देतात. त्र्यंबकास उगम पावणाऱ्या गोदावरीस अरबी समुद्र सुमारें ५० मैलांवर आहे, तरी ती ९०० मैल वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. कृष्णेचा उगम पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ४० मैलांवर असूनहि तिची तीच गति आहे.

हें वर्णन तापीच्या दक्षिणेपासून बेळगांव व गोमंतक यांच्या सुमारापर्यंतच्या सह्याद्रीस लागू आहे. त्याच्या खालीं घाटाची कड तशीच पुढें जाते; परंतु तेथील खडक निराळे व कितीतरी अधिक जुने आहेत.

४.

शिलारसाचा प्रत्येक थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. सावकाश निवालेला भाग घट्ट व कठीण होतो. निवतांना आकसल्यामुळें त्यांत उभ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांवरून दगड सुटून पडला म्हणजे ताठ कडा राहतो. थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो, व दोन थरांच्या मध्यें पुष्कळदां तांबड्या मातकट दगडाचा पट्टा सांपडतो. हे भाग लवकर झिजतात. म्हणून आपल्या डोंगराच्या अंगावर कडा, उतार, सपाटी आणि पुन्हा कडा असा क्रम लागतो.

डोंगरी किल्ला याच क्रमावर बसविलेला असतो. माथ्यावर उरलेला शेवटचा कठीण थर म्हणजे बालेकिल्ला. त्याच्या खालची सपाटी किंवा पुढें निघालेली सोंड म्हणजे माची. राजगडाचा बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा व संजीवनी या त्याच्या तीन माच्या पाहिल्या म्हणजे ही गोष्ट नकाशाशिवायहि कळते. तट बांधावयाचा तो कडा जेथें तुटला असेल तेथें. रायगडास बहुतेक बाजूंनीं कडाच तटाचें काम करतो. थोड्या द्रव्यांत व थोड्या काळांत इतके किल्ले कसे उभे राहिले, या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे.

पाण्याचेंहि तसेंच. घट्ट थरांत खोदलेलें टांकें पाणी धरतें, आणि त्यांतून निघालेला दगड तटास उपयोगीं पडतो. झरे मात्र बहुधा दोन थरांच्या सांध्यांतून किंवा भेगांतून येतात. त्यांचा भरंवसा थोडा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, गडावर आधीं पाणी पाहावें, तें नसल्यास खडक फोडून टांकीं बांधावीं, आणि झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहूं नये, कारण युद्धांत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात, अशा अर्थाचा उपदेश आहे. हा उपदेश पुस्तकी नव्हे. फटींतून पाझरणाऱ्या पाण्यावर गडाचा जीव टांगून ठेवूं नये, हें अनुभवानें जाणणाऱ्या पुरुषाचे ते बोल आहेत.

५.

कडेच्या पूर्वेस पठारहि अखंड राहिलें नाहीं. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा निघतात, व दोन सोंडांमध्यें एकेका नदीनें कोरलेलें खोरें असतें. हींच मावळें. मावळच्या देशमुखांचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस रोहिडखोरें जेध्यांचें, हिरडस मावळ बांदलांचें, गुंजण मावळ शिळिमकरांचें आणि मोसें खोरें पासलकरांचें, ही वांटणी परिचित आहे. ती कोणा राजाच्या लहरीनें झालेली नाहीं. उत्तरेस व दक्षिणेस सोंडा आणि पश्चिमेस घाटाची कड, यांनीं वेढलेला एकेक कोठा नदीनें आधींच पाडून ठेविला होता. वतन त्या कोठ्यांत वसलें.

अशा खोऱ्याचें तोंड पूर्वेस रुंद असतें व आंत जातां जातां तें अरुंद होत जातें. पुण्याकडून किंवा वाईकडून आंत शिरणारें मोठें सैन्य नरसाळ्यांत शिरल्याप्रमाणें आंवळलें जाई. आणि खोऱ्यांतील माणसांस मात्र सोंड चढून शेजारच्या खोऱ्यांत किंवा नाळ उतरून कोकणांत जाण्याच्या वाटा पायाखालच्या होत्या. नाळ म्हणजे कड्यास पडलेली अरुंद, दगडगोट्यांनीं भरलेली चीर. कड्याच्या भेगा ओढ्यांनीं रुंद करून त्या केल्या आहेत. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ पाहिली म्हणजे, तेथून पायदळ उतरूं शकेल, परंतु उंट व तोफ उतरणार नाहीं, हें सांगावयास लष्करी ज्ञान लागत नाहीं.

६.

आतां दोन प्रसंग घेऊं. पहिला जावळीचा. कोयना नदी महाबळेश्वराजवळ उगम पावून, इतर नद्यांप्रमाणें तत्काळ पूर्वेस न वळतां, सुमारें ४० मैल घाटाच्या कडेस समांतर अशी दक्षिणेस वाहते व हेळवाकापाशीं पूर्वेस वळते. त्यामुळें जावळीचें खोरें पश्चिमेस घाटाची कड व पूर्वेस महाबळेश्वराचें पठार अशा दोन भिंतींमध्यें सांपडलें आहे. १६५६ मध्यें जावळी शिवाजी महाराजांच्या हातीं आली व लवकरच प्रतापगड उभा राहिला. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटानें पार येथें उतरला, तेव्हां त्याच्या घोडदळास पसरावयास मैदान राहिलें नाहीं, आणि परत फिरावयाचें तर चढावयाचें, अशी त्याच्या सैन्याची स्थिति झाली. १० नोव्हेंबरच्या भेटींत काय घडलें यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु भेट कशीहि झाली असती तरी, जावळींत उतरलेल्या सैन्यास बाहेर पडणें सोपें नव्हतें, हा भाग कागदांपेक्षां डोंगरच अधिक स्पष्ट सांगतो.

दुसरा प्रसंग उंबरखिंडीचा, १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभींचा. शाएस्तेखानानें पुण्याहून कोकणांत धाडलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूनें घाट उतरून खिंडीच्या अरण्यांत शिरला व तेथें कोंडला गेला. परमानंदाच्या शिवभारतांत या प्रसंगाचें सविस्तर वर्णन आहे. कवीनें सांगितलेली अरुंद वाट, घनदाट झाडी व सैन्याची तहान हीं काव्यांतील अलंकारस्थळें समजून सोडून देण्याचा मोह होतो. पण कडेच्या पायथ्याशीं कड्यांतून सुटलेल्या दगडांचा ढीग सांचतो, ओढे त्यांतून अरुंद घळी कोरतात, आणि काळ्या पाषाणांत पाणी मुरत नसल्यामुळें पावसाळा संपला कीं बरेच ओढे आटतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे माघ महिन्यांतील तें वर्णन अक्षरशः खरें वाटूं लागतें. येथें खडकाची साक्ष कवीस पुष्टि देते.

७.

ज्या झिजेनें गडास बळ दिलें तिनेंच त्यास एक दुबळेपणाहि दिला. एकच पठार झिजून त्याचे तुकडे राहतात, तेव्हां पुष्कळदां दोन माथे शेजारीं शेजारीं उरतात व त्यांस जोडणारी एक खिंड मध्यें राहते. मोठ्या माथ्यावर किल्ला बांधला कीं धाकट्याचा प्रश्न उभा राहतो.

पुरंदर व वज्रगड ही अशी जोडी आहे, दोहोंमध्यें भैरवखिंड. १६६५ मध्यें मिर्झा राजा जयसिंह व दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला, तेव्हां वज्रगड ही पुरंदराची किल्ली आहे हें जयसिंहानें ओळखलें. वज्रगड बालेकिल्ल्यापेक्षां ठेंगणा आहे. परंतु पुरंदराची माची त्याच्या माऱ्याखालीं येते. १४ एप्रिल रोजीं तो मोंगलांच्या हातीं गेला आणि माचीवर तोफा चालूं लागल्या. मुरारबाजी देशपांडे पडले तरी गड लढत राहिला. तथापि जून महिन्यांत तह होऊन २३ किल्ले द्यावे लागले. पांच वर्षांपूर्वीं, १६६० च्या वेढ्यांत, पन्हाळ्यासहि शेजारच्या डोंगराचा हाच धोका होता. १६७३ मध्यें पन्हाळा परत मिळाल्यावर त्या डोंगरावर पावनगड बांधण्यांत आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

अमात्यांच्या आज्ञापत्रांत या अनुभवाचा नियम झालेला दिसतो. गडाच्या जवळ तोफेच्या टप्प्यांत दुसरा डोंगर असूं नये. असल्यास सुरुंग लावून तो कमी करावा. तेंहि होत नसल्यास तोहि बांधून मजबूत करावा, असा त्याचा आशय आहे. आज्ञापत्र हें राजनीतीचें पुस्तक म्हणून वाचलें जातें, आणि तें तसें आहेच. परंतु हें कलम पुरंदराच्या खिंडींत उभें राहून वाचावें. मग त्यांतील प्रत्येक शब्दामागें एक वेढा दिसूं लागतो.

८.

येथवरचें विवेचन वाचून सह्याद्रीनेंच स्वराज्य राखलें असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मात्र स्वीकारतां येणार नाहीं. कडा कोणाचा पक्ष घेत नाहीं. १६९९ ते १७०४ या काळांत औरंगजेबानें सातारा, परळी, पन्हाळा, खेळणा, सिंहगड, राजगड व तोरणा हे किल्ले एकामागून एक घेतले. खडक तेच होते. साताऱ्यास १३ एप्रिल १७०० रोजीं मोंगलांनीं सुरुंग उडविले, तेव्हां दुसऱ्या सुरुंगाचा तट बाहेरच्या बाजूस कोसळून त्यांचीच सुमारें २,००० माणसें दडपलीं गेलीं. आणि तरीहि त्याच महिन्यांत गड गेला, तो वाटाघाटीनें. यांपैकीं बहुतेक किल्ले पैका व बोलणीं यांनीं पडले. तोरणा मात्र हल्ला चढवून घेतला गेला. उलट, घेतलेले किल्ले राखणें बादशहास जड गेलें, यांत डोंगराइतकाच पावसाचा वांटा होता. घाटाची कड पश्चिमेचे ढग अडविते. महाबळेश्वरास वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून जवळच असलेल्या वाईस तीस-पस्तीस इंच. १७०२ च्या पावसाळ्यांत खेळण्याहून पन्हाळ्याकडे परततांना, तीसेक मैल कापावयास मोंगल छावणीस एक महिन्याहून अधिक काळ लागला.

शेवटीं १८१८ मध्यें डोंगराचा हिशेबच बदलला. रायगडावर इंग्रजांच्या उखळी तोफांचे गोळे कड्यावरून आंत पडूं लागले, वाड्यास आग लागली, आणि १० मे रोजीं गड खालीं झाला. ज्या कड्यानें चढणारास अडविलें होतें त्यास वरून पडणारा गोळा अडवितां आला नाहीं. पुढें इंग्रजांनीं अनेक गडांच्या वाटा व दरवाजे पाडले.

यावरून इतकेंच म्हणतां येतें कीं, घडणीनें युद्धाच्या शक्यता आंखून दिल्या. त्यांतील कोणती प्रत्यक्षांत आली हें माणसांनीं ठरविलें. तें जाणण्यास कागदांवांचून गति नाहीं. खडक आणि कागद एकमेकांची जागा घेऊं शकत नाहींत. परंतु एकाची साक्ष दुसऱ्याशीं ताडून पाहणें आपल्या हातीं आहे.

९.

हें ताडून पाहण्याचें काम लांबणीवर टाकण्यासारखें राहिलेलें नाहीं. कोयनेच्या खोऱ्याचा मोठा भाग १९६० नंतर शिवसागर जलाशयाखालीं गेला. मोसें खोऱ्याचा भाग वरसगांवच्या धरणानें बुडविला. रस्त्यांसाठीं घाट कापले गेले व दगडासाठीं टेंकड्या फोडल्या गेल्या. जीं गांवें उठून गेलीं त्यांच्याबरोबर ओढ्यांचीं, पायवाटांचीं, नाळांचीं व खिंडींचीं नांवेंहि गेलीं. कित्येक स्थळांच्या बाबतींत आतां कागद हाच जमिनीचा शेवटचा साक्षीदार उरला आहे.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. देशमुख, देशपांडे, घाटपांडे व किल्लेदार यांच्या घराण्यांतील कागद पाहतांना, ज्या कागदांत राजकारण नाहीं, केवळ शिवेचा तंटा, चौकीचा खर्च किंवा वाटेच्या राखणीचा मजकूर आहे, तो कमी मोलाचा म्हणून बाजूस ठेवूं नये. त्यांतील प्रत्येक स्थलनाम टिपावें. तें घाटाच्या वरचें कीं खालचें, कोणत्या खोऱ्यांतील, कोणत्या पाण्याच्या कांठचें, हें त्यासमोर लिहावें. आणि तें स्थळ आज ओळखतां येतें किंवा नाहीं हें तेथील वृद्ध माणसांस विचारून नमूद करावें. असें टिपण प्रत्येक संग्रहाबरोबर राहिलें, तर पुढील अभ्यासकास मोहिमांचीं वर्णनें प्रत्यक्ष भूमीवर मांडून पाहतां येतील, आणि जी भूमि पाण्याखालीं गेली तिचीं नांवें तरी हातीं राहतील.